इंटरनेट बंद करायचं बटण कोणाच्या हातात असतं? सातारा-सांगलीतल्या दोन 'बंद'ची गोष्ट

१० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत (तालुका खटाव) सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव जमला. जाळपोळ झाली, प्रार्थनास्थळावर हल्ला झाला, एका माणसाचा जीव गेला. त्यानंतर जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करण्यात आलं. पुसेसावळीत काय घडलं हे माहीत नसलेल्या, तिथून पन्नास-साठ किलोमीटर लांब राहणाऱ्या लोकांचंही.

याच्या साधारण वर्षभर आधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या एका गावानेही मोबाईल बंद करायचं ठरवलं होतं. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. रोज संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाईल-टीव्ही बाजूला. तुम्ही याच्या बातम्या आणि रील्स नक्की पाहिल्या असतील, 'डिजिटल डिटॉक्सवालं गाव' म्हणून.

मी मूळचा कराडचा, इंजिनिअरिंग सांगलीत केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. म्हणजे दोन्ही जिल्हे माझेच. या दोन 'बंद'कडे एकत्र पाहिलं की इंटरनेट आणि लोकशाहीचा संबंध पुस्तकातल्यापेक्षा फार सोपा होऊन समोर येतो. पण आधी टेक्निकल भाग समजून घेऊ, कारण तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

नेट बंद होतं म्हणजे नक्की काय बंद होतं?

त्या सप्टेंबरमध्ये मी पुण्याहून घरी पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज एकाच टिकवर अडकून बसले होते. पण फोन लावला तर आईने दुसऱ्या रिंगला उचलला. आवाजही एकदम क्लिअर.

एक टिक म्हणजे मेसेज माझ्या फोनवरून निघून व्हॉट्सॲपच्या सर्व्हरपर्यंत पोहोचला. दुसरी टिक येते ती समोरच्या फोनने मेसेज उतरवून घेतल्यावर. मधल्या काळात मेसेज सर्व्हरवर कुलूपबंद अवस्थेत थांबतो, जास्तीत जास्त ३० दिवस. म्हणजे आईचा फोन व्हॉट्सॲपच्या दृष्टीने 'बंद' होता. पण कॉलच्या दृष्टीने चालू!

आता तुम्ही म्हणाल, ४जीवर तर कॉलसुद्धा डेटामधूनच जातो ना? बरोबर. जिओचंच बघा. त्यांच्याकडे २जी-३जी नेटवर्कच नाही, त्यामुळे त्यांचा प्रत्येक कॉल ४जी किंवा ५जीवरून, डेटाच्या पाकिटांमध्येच जातो. मग डेटा बंद असताना कॉल कसा लागतो?

कारण तुमचा फोन टॉवरला जोडला गेला की कंपनीच्या नेटवर्कमध्ये त्याला एक नाही, दोन दारं मिळतात. एक दार बाहेरच्या जगात उघडतं, म्हणजे इंटरनेटमध्ये. दुसरं दार फक्त कंपनीच्या स्वतःच्या कॉलिंग यंत्रणेत उघडतं. तांत्रिक भाषेत या दारांना एपीएन म्हणतात. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट नेम' असा पर्याय कधी दिसला असेल, तोच हा. कॉल दुसऱ्या दाराने जातो. शटडाऊनचा आदेश आला की कंपनी फक्त पहिलं दार लावून घेते. म्हणून फोनवर काड्या फुल दिसतात, कॉल लागतो, ओटीपीचा एसएमएस येतो, आणि ब्राउझर मात्र गोल गोल फिरत राहतो.

मग 'फक्त सातारा जिल्हा' हे कंपनीला कसं जमतं? फोन नेटवर्क वापरत असतो तेव्हा तो कुठल्या टॉवरवर, त्या टॉवरच्या कुठल्या बाजूच्या अँटेनावर आहे, हे नेटवर्कला माहीत असतं. माहीत नसेल तर तुम्हाला कॉल जोडताच येणार नाही. प्रत्येक अँटेनाला एक ओळख क्रमांक असतो आणि कोणता क्रमांक कुठल्या जिल्ह्यातला, याची यादी कंपनीकडे असते. आदेश आला की त्या यादीतल्या क्रमांकांसाठी डेटा बंद. कोणी टॉवरवर चढत नाही, वायर कापत नाही. ऑफिसमध्ये बसून एक सेटिंग बदलायची. बॅकएंडचं काम करणारा माणूस म्हणून सांगतो, तांत्रिकदृष्ट्या हे काम आश्चर्य वाटेल इतकं साधं आहे. आणि मला खटकतं ते नेमकं हेच. जी गोष्ट करायला इतकी सोपी, ती करण्याआधी कोणीतरी नीट विचार केला पाहिजे, अशी सोय कायद्यातच असावी लागते. त्या सोयीबद्दल पुढे बोलू.

जिल्ह्याची सीमा नकाशावर असते, रेडिओ लहरींना ती दिसत नाही. कराडहून कोल्हापूरकडे हायवेने निघालात की मालखेडच्या पुढे, कासेगावच्या आसपास सांगली जिल्हा लागतो. अशा पट्ट्यात तुमचं घर साताऱ्यात आणि फोनला सापडलेला टॉवर सांगलीतला, असं सहज होतं. मग शेजारच्या दोन घरांत एकाचं नेट चालू, एकाचं बंद. उलटही होतं: आदेशात ज्या गावाचं नावच नाही, ते गाव टॉवरमुळे अंधारात जातं.

व्हीपीएन टाकू का?

हा प्रश्न दर शटडाऊनला येतो, म्हणून थोडक्यात. नाही, उपयोग नाही. व्हीपीएन हा इंटरनेटमधला आडमार्ग आहे. ठरावीक वेबसाईट किंवा ॲप अडवलं असेल तेव्हा त्याचा विचार होतो. पण अंगणातून बाहेर पडायचं दारच बंद असेल तर आडमार्गापर्यंत जाणार कसं? वर 'शटडाऊनमध्ये चालणारा फ्री व्हीपीएन' म्हणून फिरणाऱ्या एपीके फाईल्स हा वेगळाच धोका आहे. त्या अजिबात टाकू नका.

खरा त्रास पैशांचा होतो. यूपीआयला नेट लागतं. दुकानातला तो 'अमुक रुपये प्राप्त हुए' बोलणारा डबाही आतल्या सिमच्या डेटावर चालतो, त्यामुळे तोही मुका होतो. यावर एक जुना उपाय आहे जो आपल्यातल्या फार कमी जणांनी वापरलाय: बँकेला जोडलेल्या नंबरवरून *९९# डायल करा. हे नेटवर नाही, कॉलच्या सिग्नलिंगवर चालतं. मेनू येतो, नंबर टाकून पर्याय निवडायचा, यूपीआय पिन टाकायचा, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. दिसायला २००५ सालचं वाटतं, पण साध्या फोनवरही चालतं. नेट चालू असताना एकदा दहा रुपये पाठवून बघा. ऐन वेळी पहिल्यांदा करायला गेलात तर मेनूतच हरवाल. आणि घरात हजार-दोन हजार रोख ठेवा, हा आजीचा सल्ला अजून जुना झालेला नाही.

शेजारच्या दोन फोनमध्ये ब्लूटूथ किंवा वायफायने थेट मेसेज पोहोचवणारी ब्रायरसारखी ॲप्सही आहेत. पण ती समोरच्याकडे आधीच टाकलेली असावी लागतात, आणि आधी टाकायला कोणाला सुचतं!

सही कोणाची?

आता त्या सोयीकडे येऊ. बऱ्याच जणांना वाटतं की नेट कलेक्टर बंद करतात, किंवा एसपी. स्थानिक पोलिसांचा अहवाल महत्त्वाचा असतो हे खरं. पण साताऱ्यात नेट बंद झालं तेव्हा जे नियम लागू होते, ते २०१७ चे. त्यानुसार आदेश देऊ शकतात फक्त दोन जण: केंद्राचे गृहसचिव किंवा राज्याच्या गृहखात्याचे सचिव. अगदीच टाळता न येणाऱ्या परिस्थितीत सहसचिव दर्जाचा, तसा अधिकार दिलेला अधिकारी आदेश काढू शकतो, पण त्याला २४ तासांत वरून मंजुरी मिळाली नाही तर आदेश आपोआप रद्द. आदेशात कारणं लिहावी लागतात. आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाच कामकाजाच्या दिवसांत तो आदेश तपासायचा.

कागदावर वाईट नाही. पण त्या समितीकडे पाहा: मुख्य सचिव, विधी विभागाचे सचिव आणि आणखी एक सचिव. सरकारने घेतलेला निर्णय सरकारच्याच तीन अधिकाऱ्यांनी तपासायचा. बाहेरचा कोणी नाही, न्यायाधीश नाही, ज्यांचं नेट गेलं त्यांच्यातलं कोणी नाही. शिवाय बरेचसे शटडाऊन पाच दिवसांच्या आतच संपतात. म्हणजे तपासणीची बैठक होईपर्यंत नेट परत आलेलं असतं.

सर्वोच्च न्यायालयाने यात एक महत्त्वाची गोष्ट जोडली. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये नेट बंद झालं, तेव्हा 'काश्मीर टाइम्स'च्या संपादक अनुराधा भसीन कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: मी पेपर काढते, नेट नसेल तर काढू कसा? १० जानेवारी २०२० ला निकाल आला. इंटरनेटवरून बोलणं आणि इंटरनेटवरून व्यवसाय करणं या दोन्हींना घटनेच्या कलम १९ चं संरक्षण आहे. बेमुदत बंदी चालणार नाही. आणि प्रत्येक आदेश लोकांसाठी जाहीर केला पाहिजे, म्हणजे ज्याला आव्हान द्यायचंय त्याला देता येईल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियमात बदल झाला आणि एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस ठरली. (निकाल लागूनही काश्मीरमध्ये पूर्ण ४जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. कोर्टाचा निकाल आणि मोबाईलवरची रेंज यांच्यात बरंच अंतर असतं.)

नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या दूरसंचार कायद्याखाली नवे नियम आले. चौकट बऱ्यापैकी तीच, पण आदेश जाहीर करणं आणि त्यात नेमकं क्षेत्र लिहिणं आता नियमातच आहे.

मग देशात किती वेळा नेट बंद झालं? सरकारकडून आकडा मिळेल असं वाटत असेल तर थांबा. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने लिहून ठेवलंय की दूरसंचार खातं आणि गृह मंत्रालय, दोघांकडेही याची नोंद ठेवली जात नाही. मोजतात ते बाहेरचे लोक. दिल्लीतली एसएफएलसी ही वकिलांची संस्था बातम्या आणि आदेश गोळा करून २०१२ पासूनची यादी ठेवते. 'ॲक्सेस नाऊ' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मोजणीत २०२३ मध्ये भारतात ११६ शटडाऊन झाले आणि २०२४ मध्ये ८४. त्या वर्षी आपण पहिल्या क्रमांकावरून खाली आलो, कारण म्यानमार ८५ वर गेलं. तिथे तेव्हा लष्कराची सत्ता होती. निवडणुका घेणारा आपला देश आणि लष्करी राजवट एका आकड्याच्या फरकाने शेजारी बसलेत, हे वाचून मला तरी बरं वाटलं नाही.

महाराष्ट्र या यादीत फार वर नाही. पण नावं ओळखीची आहेत: जून २०२३ ला स्टेटसच्या वादावरून कोल्हापूर, सप्टेंबरला सातारा, ऑक्टोबरअखेर मराठा आंदोलनाच्या वेळी बीड.

तारायंत्राचा कायदा आणि कासेगावच्या अभ्यासक

२०१७ चे ते नियम ज्या कायद्याखाली बनले, त्याचं साल ऐका: १८८५. भारतीय तार कायदा. त्याच्या कलम ५ मध्ये 'सार्वजनिक आणीबाणी' आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' असे शब्द आहेत, ते वापरून इंग्रज सरकार तारा अडवू शकायचं. त्या तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. कायदा मात्र जिवंत राहिला आणि साताऱ्यातलं ५जी बंद करायला कामी आला.

आता यातली गंमत. याच साताऱ्याने एकदा याच तारा उलट्या बाजूने तोडल्या होत्या. १९४२ च्या चळवळीत तारा तोडणं हा देशभरातला कार्यक्रम होता, आणि इथे तर त्यातूनच पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. १९४३ ते १९४६. तेव्हा आजचा सांगली जिल्हाही बराचसा सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ ला 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. कुंडल, वाळवा, येडेमच्छिंद्र ही प्रतिसरकारची गावं आज सांगलीत आहेत. ७ जून १९४३ ला तुफान सेनेने पगार नेणारी रेल्वे लुटली ते शेणोली कराड तालुक्यात, म्हणजे साताऱ्यात.

सरकारची तार बंद पाडल्यावर या लोकांचं स्वतःचं नेटवर्क कसं चालायचं? माणसांवर. रामापूरचे गणपती बाळा यादव भूमिगत नेत्यांना निरोप आणि जेवण पोहोचवायचं काम करायचे; पी. साईनाथ यांनी त्यांच्यावर लिहिलंय. एका गावातून दुसऱ्या गावात, पायी. आपल्या भाषेत सांगायचं तर मधला सर्व्हर नसलेलं, एका हातातून दुसऱ्या हातात जाणारं नेटवर्क.

प्रतिसरकारचा नीट अभ्यास करणाऱ्यांमध्ये एक नाव कासेगावचं आहे, त्याच सीमेवरच्या कासेगावचं: गेल ऑम्वेट. जन्म १९४१, अमेरिकेतला. बर्कलेला पीएचडी केली ती महात्मा फुल्यांपासून १९३० पर्यंतच्या ब्राह्मणेतर चळवळीवर, आणि पुढे भारताचं नागरिकत्व घेऊन कासेगावला घर केलं. मोठं विद्यापीठ सोडून खेड्यात राहून स्वतंत्र अभ्यासक म्हणून लिहीत राहिल्या, २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या सासूबाई इंदुताई पाटणकर स्वतः प्रतिसरकारच्या भूमिगत कामात होत्या. म्हणजे संशोधनाचा विषय घरातच चहा घेत बसलेला!

गेल यांनी साताऱ्याच्या प्रतिसरकारवर १९८८ मध्ये एका पुस्तकात स्वतंत्र प्रकरण लिहिलं. तो निबंध आणि त्यांचा आधीचा प्रबंध एकत्र वाचला की एक धागा हाती लागतो. १९४३ ला हे सगळं आकाशातून पडलं नव्हतं. त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी सत्यशोधक मंडळी याच गावांमधून जलसे करत फिरत होती. तमाशाचाच ढाचा: गण, गवळण, वग. पण वगात राजा-राणीच्या जागी सावकार आणि भटजी. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचणारं त्या काळातलं ते सगळ्यात वेगवान माध्यम होतं.

गेल यांनी हे इंटरनेटबद्दल लिहिलेलं नाही, हे स्पष्ट सांगतो. पुढचं वाचन माझं. साताऱ्यात लोकांनी स्वतःची न्यायदान मंडळं चालवली, गावाचे तंटे गावात सोडवले, कारण त्याआधी वर्षानुवर्षं ते एकमेकांशी अशा गोष्टी बोलत होते ज्या वरच्यांना आवडत नव्हत्या. लोक आधी बोलले आणि मग ठरवू लागले. बोलण्याची वाट मध्येच कोणी बंद करू शकला, तर ठरवणंही त्याच्याच हातात जातं. जलसा असो की व्हॉट्सॲप ग्रुप, हा हिशोब तोच राहतो.

पण अफवा थांबतात ना?

मी इथे शटडाऊनविरोधी भाषण देऊन मोकळा होऊ शकलो असतो. पण पुसेसावळीत एक माणूस गेलाय. मोबाईलवरची एक पोस्ट जमाव गोळा करू शकते, हे खोटं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आले होते. असं काही समोर दिसत असताना रात्री दोन वाजता निर्णय घ्यायला बसलेल्या अधिकाऱ्याने नेट बंद करायचं ठरवलं, तर त्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण बरोबर नाही.

प्रश्न इतकाच की त्याने उपयोग होतो का. यान रिडझॅक या संशोधकाने २०१९ मध्ये भारतातल्या २०१६ च्या आंदोलनांची दिवसागणिक माहिती आणि शटडाऊनच्या तारखा शेजारी मांडून पाहिल्या. त्याला दिसलं ते उलटं: नेट बंद असताना हिंसक घटना वाढल्या, शांततेच्या मोर्चांवर मात्र तसा ठळक परिणाम दिसला नाही. त्याने दिलेलं कारण पटण्यासारखं आहे. शांततेचा मोर्चा काढायला तयारी लागते: वेळ, जागा, परवानगी, कोणी काय करायचं आणि काय करायचं नाही. त्याला संपर्क लागतो. दगड मारायला काही लागत नाही. एका अभ्यासावरून अंतिम निकाल देता येत नाही, शिवाय जिथे परिस्थिती आधीच बिघडत असते तिथेच नेट बंद होतं, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे वेगळं काढणं अवघडच. पण 'नेट बंद म्हणजे शांतता' हे गृहीत धरायला आधार नाही, एवढं तरी म्हणता येतं.

मला यात आणखी एक गोष्ट दिसते. नेट गेलं की अफवा जात नाही, तिचं खंडन जातं. अफवा आधीच फोनमध्ये उतरलेली असते, पुढे ती कॉलवर, पारावर, एसटी स्टँडवर फिरते. 'हा व्हिडिओ जुना आहे, दुसऱ्या राज्यातला आहे' असं सांगणारी पोलिसांची पोस्ट मात्र कोणालाच दिसत नाही.

मग दुसरा उपाय? राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच चॅटना पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. दोन बाण दिसतात ना, तेच मेसेज. कंपनीच्याच म्हणण्यानुसार त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाले. आकडा कंपनीचा आहे, तेव्हा मीठ लावूनच घ्या. तरी कल्पना बघा: कोणाचं नेट गेलं नाही, कोणाचा मेसेज वाचला गेला नाही, फक्त हात थोडा जड केला. हायवे बंद करण्यापेक्षा शाळेसमोर गतिरोधक टाकावा तसं. अर्थात गतिरोधक कुठे टाकायचा हे एका अमेरिकन कंपनीने ठरवलं, आपल्याला कोणी विचारलं नाही. तो आणखी एका लेखाचा विषय आहे.

वडगावचा भोंगा

आता मोहित्यांचे वडगावकडे जाऊ. तीनेक हजार लोकवस्तीचं गाव. कोरोनात शाळा ऑनलाइन झाली, मुलांच्या हातात फोन आला, शाळा परत उघडली तरी तो हातातून सुटेना. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी विषय काढला, महिलांच्या ग्रामसभेत चर्चा झाली आणि ठरलं. ७ ला भोंगा, ८.३० ला दुसरा भोंगा, मधला वेळ मुलांचा अभ्यास आणि मोठ्यांचं वाचन-गप्पा. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन आठवण करून देत होते.

इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर इथे नेटवर्कमध्ये काहीच बदललं नाही. दोन्ही दारं उघडी. रात्री ८ वाजता कोणाच्या छातीत दुखलं तर ॲम्ब्युलन्सला लोकेशन पाठवता येतं, मुलाला पुण्याहून पैसे टाकता येतात. बंद आहे ती फक्त स्क्रीन, आणि ती चालू करायचं बटण ज्याच्या त्याच्या हातात. सगळ्यांना आधीपासून माहीत आहे की किती वाजता सुरू, किती वाजता संपणार, का, आणि कोणी ठरवलं. पटलं नाही तर पुढच्या ग्रामसभेत उभं राहून सांगता येतं, आणि ज्याला सांगायचं तो समोरच बसलेला असतो.

पण हे गोड चित्र जरा खरवडून बघू. ग्रामसभेचे सदस्य कोण? गावच्या मतदार यादीत नाव असलेले, म्हणजे १८ वर्षांवरचे. आणि हा नियम मुख्यतः कोणासाठी? शाळेतल्या मुलांसाठी. ज्यांच्या हातातला फोन काढायचा त्यांना ठरावावर मतच नाही! दंड नाही, कायदा नाही हे खरं, पण गावात 'सगळे बंद करतात आणि तुझाच कसा चालू' हा दबाव कायद्यापेक्षा कमी नसतो. दहावीतल्या एखाद्या मुलीचा फुकटचा ऑनलाइन क्लास नेमका ७ वाजता असेल तर तिने काय करायचं? माझ्या मते तिला त्या सभेत बोलू द्यायला हवं होतं, मत नसलं तरी. हे म्हणूनही मी वडगावच्या बाजूने आहे. त्या मुलीला निदान कोणाच्या दारात जाऊन भांडायचं हे माहीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये साताऱ्यातल्या किती जणांना ते माहीत होतं?

तुमच्या जिल्ह्यात उद्या नेट गेलं, तर ते परत आल्यावर पहिलं काम म्हणून आदेश शोधा. बातमीतली ओळ नको, मूळ कागद. त्यात चार गोष्टी बघायच्या: सही कोणाची आहे आणि तो अधिकारी गृहखात्याचा सचिव दर्जाचा आहे का, कधीपासून कधीपर्यंत, तास-मिनिटांसह, कोणते तालुके, की सरसकट अख्खा जिल्हा, आणि कारण म्हणून फक्त 'कायदा व सुव्यवस्था' लिहिलंय की नेमकं काय घडलं तेही. कागद सापडला नाही तर गृह विभागाकडे माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा, महाराष्ट्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाइनही होतो, दहा रुपये फी. अर्जात आदेशाची प्रत मागा आणि सोबत तपासणी समितीच्या बैठकीची तारीख व इतिवृत्तही मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं तर आम्हालाही पाठवा. नाही आलं तर पहिलं अपील कसं करायचं, ते पुढच्या लेखात स्क्रीनशॉटसह सांगतो.